इंग्रजी वाक्यातला स्वल्पविराम: श्वास बाजूला ठेवा, क्रियापद शोधा

'वाचताना जिथे थांबतो, तिथे स्वल्पविराम द्यायचा.' शाळेत आपल्यापैकी बहुतेकांनी हेच ऐकलंय. मराठी लिहिताना हा सल्ला बऱ्यापैकी चालून जातो. इंग्रजीत मात्र तो दगा देतो. लांब कर्ता म्हणून झाला की आपण दम घेतो आणि तिथे स्वल्पविराम टाकतो, नेमकी तिथेच त्याला बंदी असते. आणि जिथे तो हवाच असतो, तिथे आपण एका दमात पुढे निघून गेलेलो असतो.

खरं तर या चिन्हाची सुरुवात श्वासापासूनच झाली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनिसने मोठ्याने वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी ओळीत वेगवेगळ्या उंचीवर ठिपके द्यायची पद्धत काढली. 'कॉमा' हा शब्दही ग्रीक, अर्थ 'कापलेला तुकडा'. पण आजचं इंग्रजी डोळ्यांनी, मुकाट्याने वाचलं जातं. तिथे स्वल्पविराम वाक्याचा बांधा दाखवतो. तेव्हा प्रश्न 'मी कुठे थांबतो?' असा विचारू नका. 'मुख्य वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं?' असा विचारा.

या लेखातली इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. स्पेलिंगवर अडखळू नये, फक्त बांध्याकडे लक्ष राहावं, यासाठी. वाचता वाचता ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या, म्हणजे सरावही होईल.

पहिली पायरी: काळ दाखवणारं क्रियापद

शाळेच्या व्याकरणातली केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं आठवा. तेवढं भांडवल पुरेसं आहे. ज्यात कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद आहे, ते वाक्य. मग ते मुख्य असो वा गौण. ज्यात असं क्रियापद नाही, तो नुसता पदबंध. हे वाक्य बघा:

व्हेन द लोकल स्टॉप्ड ॲट दादर, अ वुमन कॅरिंग टू बॅग्ज गॉट इन.

काळ दाखवणारी क्रियापदं दोनच: 'स्टॉप्ड' आणि 'गॉट'. 'कॅरिंग' क्रियापदासारखं दिसतं, पण एकट्याने काळ दाखवत नाही. 'अ वुमन गॉट इन' हे स्वतःच्या पायावर उभं राहतं, म्हणून ते मुख्य. 'व्हेन द लोकल स्टॉप्ड' एकटं म्हटलं तर ऐकणारा 'मग काय झालं?' असं विचारेल, म्हणून ते गौण. पहिले आठ दिवस प्रत्येक वाक्यातल्या अशा क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

दुसरी पायरी: मुख्य वाक्याच्या आधी काय आलंय?

गौण वाक्य आधी आलं, तर ते संपल्यावर स्वल्पविराम. इथे सूट घेऊ नका. का, ते या वाक्यात दिसेल:

व्हेन द डॉक्टर कॉल्ड द पेशंट वेन्ट इन.

वाचणारा आधी 'डॉक्टरांनी पेशंटला बोलावलं' असं धरून चालतो, 'वेन्ट'पाशी ठेचकाळतो आणि मागे फिरतो. 'कॉल्ड'नंतर स्वल्पविराम दिला की वाट सरळ होते.

आधी पदबंध आला, तर त्याची लांबी बघा. 'ॲट द एंड ऑफ अ लाँग मीटिंग, वी साइन्ड द पेपर्स' इथे द्यावा. 'इन २०१९ वी मूव्ड टू ठाणे' इथे दिला काय, न दिला काय, दोन्ही चालतं. नव्याने शिकणाऱ्याने देत जावा, असं माझं मत. एक सवय पक्की होते आणि त्यात चूक काही नसते.

मात्र एका जागी सांभाळा. सुरुवातीला आलेला तुकडा स्वतःच कर्ता असेल, तर स्वल्पविराम नाही.

वेकिंग अर्ली, आय कॉट द फर्स्ट लोकल.
वेकिंग अर्ली हेल्प्स मी.

पहिल्या वाक्यात कर्ता 'आय' आहे, 'वेकिंग अर्ली' ही पुढची जोड. दुसऱ्यात मदत कोण करतं? लवकर उठणं. म्हणजे तोच कर्ता, आणि कर्त्याला क्रियापदापासून तोडायचं नसतं. 'टू पास द एग्झाम, शी स्टडीड ऑल नाइट' आणि 'टू पास द एग्झाम इज हर ड्रीम' या जोडीतही तेच. तुकड्यानंतर लगेच काळाचं क्रियापद आलं, तर हात आवरा. 'ऑन द टेबल ले अ लेटर' यात कर्ता शेवटी गेलाय, तरी नियम तोच लागू पडतो.

तिसरी पायरी: गौण वाक्य मागे आलं तर

इथे आपली मंडळी जास्त स्वल्पविराम देतात. 'आय विल कॉल यू, इफ आय गेट द टिकेट' असं सर्रास दिसतं. 'इफ', 'व्हेन', 'बिकॉज', 'अन्टिल', 'बिफोर' यांनी सुरू होणारं गौण वाक्य मागे असेल, तर साधारणपणे स्वल्पविराम नको, कारण ते मुख्य वाक्याला अट किंवा वेळ घालून बांधून ठेवतं. संविधानाच्या २१व्या अनुच्छेदात 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ' असं सलग वाक्य आहे. 'एक्सेप्ट'च्या आधी काही नाही. पुढचा अपवाद हा त्या विधानाचाच भाग आहे, वरून चिकटवलेली माहिती नाही.

विरोध दाखवणारे 'ऑल्दो' आणि 'व्हेअरॲज' मागे आले, तर मात्र स्वल्पविराम द्या: 'ही केम टू द ऑफिस, ऑल्दो ही हॅड फीव्हर.'

'बिकॉज'ची एक खोच आहे. वाक्य नकारार्थी असेल, तर स्वल्पविराम अर्थच बदलतो.

शी डिड नॉट रिझाइन, बिकॉज द सॅलरी वॉज गुड.
शी डिड नॉट रिझाइन बिकॉज द सॅलरी वॉज लो.

पहिल्या वाक्यात तिने राजीनामा दिला नाही आणि त्याचं कारण चांगला पगार. दुसऱ्याचा अर्थ असा निघू शकतो, की राजीनामा दिला, पण कमी पगारामुळे नव्हे, कारण वेगळंच होतं. शंका वाटली, तर वाक्य फोडून दोन करा. त्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी: दोन मुख्य वाक्यं एकत्र आली तर

'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'यट' यांनी दोन पूर्ण वाक्यं जोडली, तर जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम. 'बट'च्या बाबतीत आपण सहसा चुकत नाही, कारण मराठीतही 'मी गेलो, पण तो भेटला नाही' असंच लिहितो. अडचण 'अँड'ची. मराठीत 'आणि'च्या आधी स्वल्पविराम द्यायची सवय नाही.

द ट्रेन वॉज लेट, अँड द प्लॅटफॉर्म वॉज फुल.
द ट्रेन स्टॉप्ड अँड स्टार्टेड अगेन.

पहिल्यात दोन कर्ते, दोन वाक्यं. दुसऱ्यात कर्ता एकच, त्याच्या दोन क्रिया. म्हणून स्वल्पविराम नाही. 'अँड'च्या पुढे नवा कर्ता आहे का, एवढंच बघायचं.

'सो' आणि 'सो दॅट' यांचीही गल्लत होते. 'इट वॉज रेनिंग, सो आय टुक अ रिक्षा' इथे 'सो' म्हणजे 'म्हणून', स्वल्पविराम हवा. 'आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय कुड गेट अ सीट' इथे अर्थ 'मिळावी यासाठी', स्वल्पविराम नको.

जोडशब्दच नसेल, तर नुसत्या स्वल्पविरामाने दोन मुख्य वाक्यं जोडता येत नाहीत. 'आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' ही मराठी माणसाची सर्वात जास्त आढळणारी चूक आहे, कारण 'मी स्टेशनवर पोहोचलो, गाडी गेली होती' हे मराठीत अगदी छान वाटतं. इंग्रजीत एकतर पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम, किंवा जोडशब्द घाला. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' हे या कामाचे जोडशब्द नव्हेत, हेही लक्षात ठेवा. ती क्रियाविशेषणं आहेत. त्यांच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो: 'आय वॉज लेट; हाउएव्हर, द ट्रेन हॅड नॉट लेफ्ट.' अर्जांमध्ये आणि ऑफिसच्या मेलमध्ये ही एक चूक सुधारली, तरी लिखाण लगेच भारदस्त दिसू लागतं.

पाचवी पायरी: मध्ये आलेला तुकडा

इथे जरा बैठक मारून बसा. स्वल्पविरामाने अर्थ उलटा-पालटा होतो तो बहुतेक इथेच.

माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज कमिंग.
माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज कमिंग.

पहिल्यातून कळतं, की भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला नाशिकचा येतोय. 'हू लिव्ह्ज इन नाशिक' हा तुकडा कोणता भाऊ ते ओळखवतो, तो काढला तर ओळखच पुसली जाते. दुसऱ्यात भाऊ कोण ते आधीच ठरलंय. नाशिकची गोष्ट जाता जाता सांगितली. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामाचं कुंपण.

मराठी मनाला नेमकं इथे फसायला होतं. 'जो भाऊ नाशिकला राहतो, तो येतोय' असं आपण लिहितो आणि मध्ये स्वल्पविराम देतो. तोच हात इंग्रजीतही चालतो. यावर एक कसोटी मला फार उपयोगी पडली आहे. इंग्रजी वाक्याचं मनात मराठी करा. ते 'जो... तो' असं झालं, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. ते दोन वाक्यांत फुटलं, म्हणजे 'माझा भाऊ येतोय. तो नाशिकला राहतो' असं झालं, तर इंग्रजीत दोन्हीकडे स्वल्पविराम हवेत. आता स्वतः करून बघा:

द पॅसेंजर्स हू हॅड टिकेट्स गॉट इन.
द पॅसेंजर्स, हू हॅड टिकेट्स, गॉट इन.

'ज्यांच्याकडे तिकिटं होती, ते चढले': म्हणजे काही जण खाली राहिले. दुसऱ्यात सगळ्यांकडेच तिकिटं होती आणि सगळेच चढले. तपासनिसाच्या अहवालात हा फरक केवढा मोठा ठरेल! याच न्यायाने 'माय मदर' किंवा 'मुंबई' यांच्यापुढे 'हू' किंवा 'विच'चा तुकडा आला, तर स्वल्पविराम जवळजवळ नेहमीच लागतात, कारण आई एकच आणि मुंबई एकच. 'दॅट'ने सुरू होणाऱ्या तुकड्याला ते लागत नाहीत. अमेरिकेत ओळखवणाऱ्या तुकड्यासाठी 'दॅट' पसंत करतात, ब्रिटनमध्ये 'विच'ही चालतं. तेव्हा शब्दावर जाऊ नका, काम बघा.

एकाच गोष्टीचं दुसरं नाव शेजारी ठेवतानाही हेच कुंपण लागतं. आपल्या संविधानाची उद्देशिका इंग्रजीत 'वी, द पीपल ऑफ इंडिया, हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड...' अशी सुरू होते, आणि मराठीतही 'आम्ही, भारताचे लोक,' असंच छापलेलं असतं. 'आम्ही' म्हणजे कोण, ते दोन स्वल्पविरामांच्या मध्ये सांगितलं. १७८७च्या अमेरिकी संविधानात मात्र 'वी द पीपल ऑफ द युनायटेड स्टेट्स' असं आहे. तिथे 'वी'नंतर काही नाही, सातही शब्द एका झेपेत म्हटले जातात. दोन्ही रूपं इंग्रजीत बसतात. पण आपल्या उद्देशिकेतल्या त्या पहिल्या स्वल्पविरामाने 'आम्ही' हा शब्द क्षणभर एकटा उभा राहतो, आणि मला तो फार आवडतो.

कुंपणाचे खांब दोन. एक लावून दुसरा विसरलात, तर वाक्य मोडतं. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक इज कमिंग' ही सरसकट दिसणारी चूक. मधला तुकडा बोटाने झाका. उरलेलं वाक्य धड वाचता आलं, तर दोन्ही खांब बरोबर जागी आहेत.

हे खांब किती महाग पडू शकतात, त्याचं एक खरं उदाहरण कॅनडातलं. रॉजर्स ही केबल कंपनी आणि आलियंट ही टेलिफोन कंपनी यांच्यात विजेच्या-टेलिफोनच्या खांबांवरून तारा नेण्याबद्दल २००२ साली करार झाला. त्यातल्या वाक्याचा आशय असा: करार पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर आणखी पाच-पाच वर्षांसाठी, एक वर्ष आधी लेखी नोटीस देऊन संपवला नाही तर. इंग्रजी मजकुरात 'अँड देअरआफ्टर फॉर सक्सेसिव्ह फाइव्ह इयर टर्म्स' या तुकड्याच्या आधीही स्वल्पविराम होता आणि नंतरही. रॉजर्सची समजूत अशी, की पहिली पाच वर्षं कुणीच करार मोडू शकत नाही. आलियंटने मुदतीआधीच तो संपवायची नोटीस दिली. २००६ साली कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने दुसऱ्या स्वल्पविरामाकडे बोट दाखवलं. मधला तुकडा झाकून वाचा: 'पाच वर्षं चालेल, नोटीस देऊन संपवला नाही तर.' म्हणजे नोटिशीची सोय पहिल्या पाच वर्षांनाही लागू! तो दुसरा स्वल्पविराम नसता, तर ती फक्त पुढच्या मुदतींपुरती राहिली असती. २००७ साली हा निर्णय फिरला, कारण कराराचा फ्रेंच मजकूर तपासल्यावर रॉजर्सचा अर्थ त्यात स्पष्ट निघाला. इंग्रजी वाक्याने दोन्ही पक्षांना वर्षभराहून अधिक काळ झुलवलं.

शेवटी येणाऱ्या 'इंग'वाल्या तुकड्याबद्दल एवढंच:

शी सॉ द मॅन लुकिंग ॲट द सी.
शी सॉ द मॅन, लुकिंग ॲट द सी.

पहिल्यात समुद्राकडे तो माणूस बघतोय, दुसऱ्यात ती. स्वल्पविराम तुकड्याला जवळच्या नामापासून सोडवून कर्त्याकडे पाठवतो. दुसरं वाक्य तसं अवघडच आहे. 'लुकिंग ॲट द सी, शी सॉ द मॅन' असं फिरवलं, तर गोंधळ राहत नाही.

जिथे कधीच द्यायचा नाही

कर्ता कितीही लांबला, तरी त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. 'द बुक्स विच वी ऑर्डर्ड लास्ट मंथ फ्रॉम पुणे, हॅव अराइव्ह्ड' इथे दम लागतो हे खरं, पण तो तुमचा तुम्ही घ्या. कागदावर उमटवू नका.

दुसरी जागा 'दॅट'ची. मराठीत 'तो म्हणाला, की' आणि 'तो म्हणाला की,' अशा दोन्ही तऱ्हा छापलेल्या दिसतात, आणि त्यामुळे 'ही सेड, दॅट' किंवा 'ही सेड दॅट,' असं इंग्रजीत उतरतं. दोन्ही चूक. 'ही सेड दॅट ही वुड कम' हे सलग हवं. बोललेले शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत दिले, तरच 'सेड'नंतर स्वल्पविराम. छापील मराठीत विरामचिन्हं रुजवण्यात एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. म्हणजे चिन्हं आपण इंग्रजीकडूनच घेतली, पण 'की'भोवतीची सवय आपली आपण घडवली. ती मराठीत राहू द्या, इंग्रजीत नेऊ नका.

एका अर्जावर हात चालवू

नोकरीच्या अर्जाचा हा नमुना. उत्तर वाचण्याआधी पेन्सिल घ्या.

व्हेन आय रेड युवर ॲडव्हर्टाइझमेंट आय फेल्ट, दॅट धिस जॉब सूट्स मी. आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स, आय नो अकाउंटिंग वेल. माय प्रेझेंट ऑफिस, विच इज इन सातारा इज क्लोजिंग इन मार्च. द वर्क आय डू देअर, इन्क्लूड्स लोन फाइल्स. आय कॅन जॉइन इमिजिएटली, इफ यू सिलेक्ट मी.

पहिल्या वाक्यात 'व्हेन'चं गौण वाक्य 'ॲडव्हर्टाइझमेंट'पाशी संपतं, तिथे स्वल्पविराम हवा. 'फेल्ट'नंतरचा 'दॅट'च्या आधी आलाय, तो काढा. दुसऱ्यात दोन मुख्य वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर लटकली आहेत, 'अँड' घाला. तिसऱ्यात कुंपणाचा दुसरा खांब नाही, 'सातारा'नंतर लावा. ऑफिस एकच असल्याने कुंपण हवंच. चौथ्यात कर्ता 'द वर्क आय डू देअर' एवढा आहे, त्याच्यापुढचा स्वल्पविराम जातो. पाचव्यात 'इफ'ची अट मागे आली आहे, तिथलाही जातो.

व्हेन आय रेड युवर ॲडव्हर्टाइझमेंट, आय फेल्ट दॅट धिस जॉब सूट्स मी. आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स, अँड आय नो अकाउंटिंग वेल. माय प्रेझेंट ऑफिस, विच इज इन सातारा, इज क्लोजिंग इन मार्च. द वर्क आय डू देअर इन्क्लूड्स लोन फाइल्स. आय कॅन जॉइन इमिजिएटली इफ यू सिलेक्ट मी.